नवीन टीम लीडने कोणत्या सवयी लावाव्यात? सुरुवात तुमच्यापाशी अडकलेल्या कामांपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिन्यांपूर्वी आठ जणांची टीम तुमच्याकडे आली. तुम्ही सगळ्यांच्या आधी येता आणि शेवटी निघता. कामांची यादी करून झाली, दोन-तीन ॲप वापरून झाली, पहाटे उठून बघितलं. प्रत्येक गोष्ट दोन-तीन आठवडे टिकते आणि सुटते. दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी विचारायला येतं, त्यामुळे स्वतःच्या कामाला संध्याकाळी सातनंतर हात लागतो, आणि घरी गेल्यावरही डोकं कामातून सुटत नाही. एवढं करून वरिष्ठांचं म्हणणं असं की टीमचा वेग कमी आहे. चांगला लीडर होण्यासाठी आणि कामं वेळेत होण्यासाठी कोणत्या सवयी लावाव्यात, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं टीम सांभाळल्या आणि आता नव्याने लीड झालेल्यांना कामात मदत करतो. तुम्ही जे लिहिलंय ते मला जवळजवळ प्रत्येक नव्या लीडकडून ऐकायला मिळतं. तुमचे आतापर्यंतचे सगळे प्रयोग तुमच्या स्वतःच्या कामाचा उरक वाढवण्यासाठी होते. पण लीड झाल्यावर मोजमाप बदलतं. तुम्ही दिवसाला किती कामं हातावेगळी केलीत यापेक्षा तुमच्यामुळे बाकीच्या आठ जणांना किती वेळ थांबावं लागलं, यावर टीमचा वेग ठरतो. तुमच्या होकाराची, सहीची, उत्तराची, एका निर्णयाची वाट बघत आठ जण थोडे थोडे थांबत असतील, तर तुम्ही रात्री दहापर्यंत बसलात तरी तो वेळ भरून निघत नाही. म्हणून माझ्या मते सवयींची निवड एकाच कसोटीवर करावी: या सवयीमुळे कोणाचं थांबणं कमी होतंय का?

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. एक साधी वही पुरे. तुमच्याकडे कोणीही काहीही मागितलं की एक ओळ लिहायची: कोणी मागितलं, काय मागितलं, कधी मागितलं. तुम्ही उत्तर दिलंत की त्याच ओळीत पुढे ती वेळ लिहायची. मेल, चॅट, जागेवर येऊन विचारलेलं, जिन्यात गाठून विचारलेलं, सगळं त्यात आलं पाहिजे. शुक्रवारी वही उघडून दोनच गोष्टी बघा. एक, किती ओळींत उत्तराची वेळ रिकामी आहे. दोन, एकाच प्रकारचा प्रश्न किती वेळा आलाय. बहुतेकांना दुसऱ्या गोष्टीचं जास्त आश्चर्य वाटतं. पन्नास प्रश्नांमागे खरे प्रकार पाच-सहाच निघतात: खर्चाला मंजुरी, तारीख बदलायची का, दोन कामांत आधी कुठलं, क्लायंटला हे सांगू का, हे बरोबर झालंय का बघा.

रिकाम्या ओळींचं गणित समजून घेण्यासारखं आहे. रांगांच्या शास्त्रात एक नियम आहे, त्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये मांडली. रांगेत सरासरी जितकी कामं असतात त्यांना रोज बाहेर पडणाऱ्या कामांच्या सरासरीने भागलं, की प्रत्येक काम सरासरी किती दिवस रांगेत राहतं ते कळतं. तुमच्यापाशी कायम २० गोष्टी पडून असतील आणि रोज ५ निकालात निघत असतील, तर तुमच्याकडे आलेली गोष्ट सरासरी ४ दिवस अडकते. त्यातल्या बऱ्याचशा पाच मिनिटांत होणाऱ्या असल्या तरी. म्हणजे उपाय दोनच उरतात. अडकलेलं लवकर सोडा, किंवा तुमच्याकडे येणारं कमी करा. पहिला उपाय आठवड्याभरात जमतो. दुसऱ्याला काही महिने लागतात, आणि खरं नेतृत्व तिथेच कसाला लागतं.

पहिला उपाय असा. रोज कामावर आल्यावर पहिला अर्धा तास इतरांनी तुमच्याकडून मागितलेल्या गोष्टींसाठी ठेवा. सकाळी सर्वांत आधी स्वतःचं सर्वांत अवघड काम करावं, असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. एकट्याने काम करणाऱ्याला तो ठीक आहे. लीडने तसं केलं तर त्याचं अवघड काम होईपर्यंत निम्मी टीम कालच्या प्रश्नावरच उभी असते. त्या अर्ध्या तासात वही उघडायची आणि प्रत्येक रिकाम्या ओळीचं काहीतरी करायचं. उत्तर देता येत असेल तर द्या. नकार असेल तर तोही लगेच कळवा; चार दिवसांनी आलेल्या नकारापेक्षा आजचा नकार माणसाला जास्त उपयोगी असतो. विचार करायला वेळ हवा असेल तर "गुरुवारी दुपारी तीनपर्यंत सांगतो" असं लिहून कळवा आणि ती वेळ कॅलेंडरमध्ये टाका. "बघतो", "बोलू आपण", "जरा थांब" हे शब्द मात्र या अर्ध्या तासात वर्ज्य. त्यांत तारीख नसते, त्यामुळे समोरचा पुन्हा विचारायला येतो, आणि तुमचा व्यत्यय तुम्हीच वाढवलेला असतो.

आता दुसरा उपाय, येणारं कमी करण्याचा. इथे मी जरा थांबून लिहितो, कारण "कामं सोपवायला शिका" हे सगळेच सांगतात, पण नेमकं कोणतं वाक्य बोलायचं हे कोणी दाखवत नाही.

समजा टीममधला एक जण येतो आणि म्हणतो, "सर, क्लायंटला तो रिपोर्ट सोमवारऐवजी शुक्रवारीच हवाय. काय सांगू?" तुम्ही घाईत असता. तुम्ही म्हणता, "थांब, मी बघतो." एवढ्या तीन शब्दांत त्याच्या टेबलावरचं काम तुमच्या टेबलावर आलं. तो मोकळा झाला, पण पुढे जाऊ शकत नाही. तुम्ही रात्री सातनंतर ते बघणार. आणि पुढच्या वेळीही तो असंच घेऊन येणार, कारण या टीममध्ये असे निर्णय सर घेतात हे त्याला कळलं.

हाच प्रसंग दुसऱ्या प्रकारे:

"तुझ्या मते शुक्रवारपर्यंत जमेल?"
"आकडे तयार आहेत, सर. तपासणी राहिलीय. दुसऱ्या कामावरचं कोणीतरी दीड दिवस मिळालं तर जमेल."
"मग त्या दुसऱ्या कामाचं काय?"
"ते बुधवारवर जाईल. तिथे सध्या कोणी वाट बघत नाहीये."
"ठीक आहे, तसंच कर. क्लायंटला तूच कळव. आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाचं काम अडत नसेल, तर तू ठरव आणि मला नुसतं कळव."

याला फार तर दोन मिनिटं लागतात. शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. त्यात तुम्ही एका कामाचं उत्तर दिलंच, शिवाय त्या प्रकारच्या सगळ्या कामांचा अधिकार एका अटीसह दिला. "तुझ्या मते?" एवढंच विचारून थांबणारे लीड असतात. टीमला ते परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, कारण शेवटी निर्णय त्यांचाच असतो. विचारलंत तर त्याच्या उत्तरावर चाला, आणि पुढच्या वेळी कुठपर्यंत न विचारता जायचं ते सांगा.

वहीतून जे पाच-सहा प्रकार निघाले, त्या प्रत्येकासाठी हे एकदा लिहून काढा. कुठल्या गोष्टी टीमने स्वतः ठरवायच्या आणि सांगायचीही गरज नाही, कुठल्या ठरवून कळवायच्या, आणि कुठल्या आधी विचारायच्या. एका पानात बसतं. खर्चाच्या बाबतीत रक्कम लिहा, तारखेच्या बाबतीत किती दिवसांपर्यंत ते लिहा. "महत्त्वाचं असेल तर विचारा" असं लिहू नका. महत्त्वाचं काय हे ज्याला अजून कळत नाही, तो प्रत्येक गोष्ट विचारेल, आणि ज्याला चुकीचं कळलंय तो काहीच विचारणार नाही.

मोठं काम सोपवताना तोंडी सांगून सोडू नका. चार-पाच ओळी लिहा. उदाहरणार्थ:

"महिन्याचा विक्री अहवाल आता तुझ्याकडे. दर महिन्याच्या ५ तारखेला दुपारी १२ पर्यंत विभागप्रमुखांकडे गेला पाहिजे. त्यावरून ते पुढच्या महिन्याची मागणी ठरवतात, म्हणून मांडणीपेक्षा आकडे बरोबर असणं महत्त्वाचं. मांडणी तुला पटेल तशी बदल. कुठल्याही आकड्यात मागच्या महिन्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर पाठवण्याआधी मला दाखव. पहिले दोन महिने ३ तारखेला कच्चा मसुदा एकत्र बघू, नंतर त्याची गरज नाही."

यात अहवाल कशासाठी आहे ते सांगितलंय, त्यामुळे अडचण आली तर काय सोडायचं आणि काय धरायचं हे त्याला स्वतःला ठरवता येईल. मोकळीक कुठे आहे ते सांगितलंय. कुठे थांबून विचारायचं ते आकड्यात सांगितलंय. आणि तपासणी कधी होणार व कधी बंद होणार हेही सांगितलंय. शेवटची ओळ लोक गाळतात. मग एक तर लीड अजिबात बघत नाही आणि ५ तारखेला दुपारी साडेअकराला धावपळ होते, किंवा रोज "कुठपर्यंत आलं?" विचारत राहतो.

काम सोपवल्यावर ते तुमच्या पद्धतीने होणार नाही. तुम्ही चार तासांत केलं असतं त्याला सुरुवातीला आठ लागतील. इथे सर्वांत घातक सवय असते ती रात्री बसून त्याचं काम गुपचूप दुरुस्त करण्याची. तुम्हाला वाटतं आपण सांभाळून घेतलं. सकाळी त्याला कळतं की आपण कसंही दिलं तरी सर बदलतातच. पुढच्या महिन्यात तो कच्चंच काम देतो, तुम्ही आणखी दुरुस्त करता, आणि वर्षभराने तुमचं मत होतं की टीममध्ये दम नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर त्याच्या शेजारी बसून, त्याच्या हाताने करा. वेळ जास्त जातो, पण तो दोन-तीन वेळाच जातो.

तुम्ही तुमच्या स्वतःच्या कामाबद्दलही विचारलंय. लक्ष लागेल असा वेळ लीडलाही लागतो: आराखडा लिहायला, आकडे बघायला, कोणाला कुठलं काम द्यायचं याचा विचार करायला. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की एक काम अर्धवट सोडून दुसरं हाती घेतलं की लक्षाचा एक भाग आधीच्या कामातच राहतो आणि दुसरं काम खालावतं. तुमची संध्याकाळची अवस्था यावरून समजते. दिवसभरात जितक्या वेळा अर्ध्यातून उठलात तेवढी अर्धी कामं डोक्यात घेऊन सातला तुम्ही खुर्चीत बसता. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांचा २००८ मधला एक प्रयोग याला जोडून बघा. त्यात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, दर्जाही घसरला नाही, पण ताण, वैताग आणि घाईची भावना वाढली. म्हणजे व्यत्ययांतही आपण काम उरकू शकतो, म्हणूनच त्याची किंमत दिवसाच्या शेवटापर्यंत लक्षात येत नाही.

पण लीडने दार लावून दिवसभर गायब होणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. माझा आग्रह रोजच्या दीड तासासाठी आहे, तोही ठरलेल्या वेळी, सगळ्यांना माहीत असलेला. सकाळचा अर्धा तास इतरांचा, त्यानंतरचा दीड तास तुमचा, आणि त्यानंतर प्रश्नांसाठी तुम्ही मोकळे. टीमला एकदा स्पष्ट सांगा: "साडेदहा ते बारा मी चॅट बघत नाही. काही बंद पडलं असेल किंवा क्लायंट फोनवर असेल तर थेट फोन करा. बाकी सगळं बारानंतर." ठरलेली वेळ असली की लोक प्रश्न साठवून आणतात, आणि साठवलेल्यातले निम्मे तोवर त्यांनीच सोडवलेले असतात. मात्र बारा वाजता तुम्ही खरोखर हजर पाहिजे. दोनदा नसलात की लोक पुन्हा साडेदहाला येऊ लागतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

निघण्याआधी दहा मिनिटं बंद करण्यासाठी ठेवा. जे अर्धवट राहिलंय त्याच्यापुढे उद्याचं पहिलं पाऊल लिहा. "बजेट" असं लिहू नका, "बजेटमधल्या प्रवासखर्चाची ओळ मागच्या तिमाहीशी ताडून बघणे" असं लिहा. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत असं आढळलं की अपुऱ्या राहिलेल्या कामाचे विचार मध्येमध्ये डोकावतात, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की ते डोकावणं थांबतं, काम झालेलं नसलं तरी. घरी गेल्यावर डोकं कामातून सुटत नाही असं तुम्ही म्हणता, त्यावर हे सर्वांत स्वस्त औषध आहे.

उशिरापर्यंत बसण्याबद्दल मात्र थोडं कडक बोलतो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जॉन पेंकाव्हेल यांनी पुन्हा तपासल्या, तो अभ्यास २०१४ मध्ये आला. आठवड्याला ७० तास काम केलेल्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. ते काम हाताचं होतं, टेबलावरचं नाही, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण ज्या कामात हातापेक्षा विवेक जास्त लागतो तिथे थकवा कमी नडत असेल असं मला वाटत नाही. शिवाय लीडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. तुम्ही रात्री अकराला मेल पाठवला आणि त्यात "उद्या बघितलं तरी चालेल" लिहिलं, तरी तो रात्री अकराला वाचला जातो. रात्री लिहायची वेळ आलीच तर मेल सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावून ठेवा. टीम तुमच्या सूचनांपेक्षा तुमच्या वागण्यावरून नियम शिकते.

आता मी ज्याला सर्वांत वरचं स्थान देईन त्या सवयीकडे येतो: प्रत्येकाशी ठरलेल्या वेळी एकट्याने बोलणं. आठ जण, प्रत्येकी अर्धा तास, दर दोन आठवड्यांनी. म्हणजे आठवड्याला दोन तास. एवढा वेळ कुठून आणू, असं तुम्ही म्हणाल. वहीतल्या नोंदी बघा. त्यातले बरेचसे प्रश्न या भेटीत एकत्र निघतात आणि तुमचे दोन तास तिथेच वसूल होतात. ही भेट कामाचा आढावा घेण्यासाठी वापरू नका, तो लिहूनही मिळतो. "काय चाललंय?" विचारलंत तर "ठीक चाललंय, सर" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा विचारा: "या दोन आठवड्यांत कुठे थांबून राहावं लागलं?" "माझ्याकडून काय लवकर मिळालं असतं तर सोपं गेलं असतं?" "कुठलं काम बंद केलं तर कोणाला कळणारही नाही?" पहिल्या दोन भेटींत फारसं काही हाती लागणार नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, त्याने आधी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीवर तुम्ही खरंच काही केलंय हे दिसलं, की माणूस बोलू लागतो. आणि ही भेट पुढे ढकलायची वेळ आली तर त्याच आठवड्यातली दुसरी वेळ लगेच द्या. रद्द झालेली भेट माणूस लक्षात ठेवतो.

याच भेटीत कामाबद्दलचं मत सांगायचं असतं. इथे एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे जो लीडपर्यंत क्वचित पोचतो. क्लुगर आणि डीनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे अनेक दशकांचे अभ्यास एकत्र केले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आणखी बिघडलं होतं. बोलण्याचा रोख कामावरून माणसावर सरकतो तसा परिणाम घटतो, अशी त्यांची मांडणी होती. व्यवहारात याचा अर्थ असा. "तू हल्ली लक्ष देत नाहीस" हे माणसाबद्दलचं वाक्य आहे. ते ऐकून माणूस स्वतःचा बचाव करतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करेल. त्याऐवजी: "मंगळवारच्या कोटेशनमध्ये दोन ठिकाणी जुने दर होते. क्लायंटने फोन केल्यावर आपल्याला कळलं. दर कुठून घेतलेस?" आता बोलणं दरांबद्दल होईल. कदाचित कळेल की जुनी फाइल अजून शेअर फोल्डरमध्ये आहे आणि त्यावर "अंतिम" असं नाव आहे. मग चूक दुरुस्त करायला माणूस बदलावा लागत नाही, फाइल हलवावी लागते. चांगल्या कामाबद्दलही असंच नेमकं बोला. "छान झालं" हे विसरलं जातं. "तू आधीच तीन पर्याय घेऊन आलास, त्यामुळे बैठक वीस मिनिटांत आटोपली" हे माणूस पुन्हा करतो.

वाईट बातमी लवकर कळणं ही लीडची अर्धी दौलत आहे. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विभागांचं नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. अपेक्षा उलटी होती. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे लोक चुका बोलून दाखवायला घाबरत नव्हते. तुमच्या टीममध्ये महिनाभर कोणीच काही बिघडल्याचं सांगितलं नसेल, तर निश्चिंत होऊ नका. कोणी वाईट बातमी आणली की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असू द्या: "बरं झालं आत्ता सांगितलंस. आत्ता काय करायला हवं?" कसं झालं, का झालं, हे दुसऱ्या दिवशी शांतपणे बघा, बघाच, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या वाक्यात "असं कसं झालं?" आलं की पुढची बातमी तुम्हाला दोन दिवस उशिरा मिळते.

मीटिंगबद्दल फार लिहीत नाही. कोणता निर्णय घ्यायचाय हे निमंत्रणात एका वाक्यात लिहिता येत नसेल तर मीटिंग बोलावू नका, आणि संपताना कोण, काय, कधीपर्यंत हे मोठ्याने वाचून दाखवा. बाकी सगळं त्यातून सुधारतं.

तारखा देताना एक काळजी घ्या. ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल असं विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात ५५ हून जास्त लागले. सगळं वाईटात वाईट झालं तर किती लागतील, याचा त्यांचा अंदाजही ४९ च्या आतच होता. म्हणून टीमला "किती दिवस लागतील?" विचारण्याआधी "असं काम मागच्या वेळी केलं तेव्हा किती लागले होते?" हे विचारा. त्यासाठी मागच्या कामांचे दिवस कुठेतरी लिहिलेले असावे लागतात. संपलेल्या प्रत्येक कामापुढे खरे दिवस लिहायला एक मिनिट लागतं.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे: सवयी दोन-तीन आठवड्यांत सुटतात. २१ दिवसांत सवय लागते हे तुम्हीही ऐकलं असेल. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणात आहे. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं ते होतं. सवयींचा प्रत्यक्ष अभ्यास लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी एकेक रोजची साधी कृती १२ आठवडे केली. ती आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या दिवसांचा मध्य ६६ निघाला, आणि माणसागणिक तो आकडा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज होते). एखादा दिवस चुकल्याने फरक पडत नव्हता. म्हणजे तुम्ही तिसऱ्या आठवड्यात सोडून देत होतात तेव्हा बहुधा एक तृतीयांश रस्ताच झाला होता. यात तुमच्या इच्छाशक्तीचा दोष मला दिसत नाही, मुदतच चुकीची धरली होती.

दुसरी चूक म्हणजे संकल्प ढगळ असणं. "रोज टीमला वेळ देईन" हा संकल्प टिकत नाही. "लॅपटॉप उघडला की मेलच्या आधी वही उघडेन" हा टिकतो. जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करेन, अशी बांधणी केलेल्या संकल्पांवर पीटर गोलविट्झर यांनी बरंच काम केलंय. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र करून बघितल्या आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला. लीडसाठी अशी वाक्यं प्रत्येक प्रसंगाला एक याप्रमाणे बनवा. कोणी प्रश्न घेऊन आलं की आधी त्याचं मत विचारेन. वाईट बातमी आली की "बरं झालं सांगितलंस" म्हणेन. घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी असली की उद्याची पहिली पावलं लिहीन.

सगळं एकदम सुरू करू नका. माझा क्रम असा राहील. पहिला आठवडा वही. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचा अर्धा तास, आणि पुढचे दोन महिने रोजची सवय म्हणून फक्त तोच. एकट्याने बोलायच्या भेटी मात्र लगेच कॅलेंडरमध्ये टाका, कारण त्यांना सवय लागायची गरज नाही, वेळ राखून ठेवली की पुरतं. अधिकारांचं एक पान पहिल्या महिन्याच्या शेवटी टीमसोबत बसून लिहा. साडेदहा ते बाराची वेळ त्यानंतर मागा. आधी लोकांना तुमच्याकडून उत्तरं वेळेवर मिळू लागली पाहिजेत, मग ते तुम्हाला ती वेळ खुशीने देतील. बाराव्या आठवड्यात पुन्हा एकदा आठवडाभर वही ठेवा आणि पहिल्या वहीशी ताडून बघा. उत्तर मिळायला लागणारे दिवस कमी झाले असतील आणि काही प्रकारचे प्रश्न यायचेच बंद झाले असतील, तर दिशा बरोबर आहे. प्रश्न तेवढेच असतील तर अधिकारांच्या पानावर लिहिलेलं तुम्ही प्रत्यक्षात पाळत नाही आहात. कुठे ते टीमलाच विचारा.

एक शक्यता मोकळेपणाने सांगायला हवी. हे सगळं करूनही कामाचा ढीग तसाच राहू शकतो, कारण वरून येणारं काम आठ जणांच्या आवाक्याबाहेरचं असू शकतं. तिथे सवयी कामाला येत नाहीत. तेव्हा वही आणि झालेल्या कामांचे खरे दिवस घेऊन वरिष्ठांकडे जा. "आमच्यावर फार लोड आहे" असं म्हणू नका, सगळेच तसं म्हणतात. एका पानावर सध्याची कामं आणि प्रत्येकाला लागणारे दिवस लिहा, महिन्यात टीमकडे किती दिवस आहेत ते खाली लिहा, आणि विचारा: "मॅडम, या महिन्यात यातली सहा पुरी होतील. माझ्या मते ही सहा. तुम्हाला यातलं एखादं बदलायचं असेल तर आजच सांगा, म्हणजे बाकीच्यांना मी तारखा कळवतो." बहुतेक वरिष्ठ यादीतलं एखादं बदलतात आणि उरलेलं मान्य करतात. "सगळीच करा" असं उत्तर आलं, तर कोणती कधी पुरी होतील त्या तारखा त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा आणि टीमला तीच यादी दाखवा, म्हणजे कशाच्या आधी काय करायचं हे विचारायला आठ जणांना तुमच्याकडे यावं लागणार नाही.